दापोलीजवळ नवं घर: काँक्रीट ब्लॉक की लाकडी सांगाडा?

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात केळशीच्या बाजूला आमच्या वडिलोपार्जित जागेत घर बांधायचं चाललंय. जुन्या घराचं छप्पर जून २०२० मधल्या निसर्ग वादळात गेलं आणि उघड्या पडलेल्या मातीच्या भिंती पुढच्या पावसाळ्यांत बसत गेल्या. जांभ्याचं जोतं तेवढं जागच्या जागी आहे. आईबाबा बारा महिने तिथेच राहणार, आम्ही गणपती, शिमगा आणि मे महिना.

घर लहानच हवंय. ओटी, माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पडवी, सगळं मिळून ९०० चौरस फुटांच्या आसपास. वर मजला नको.

पेच असा आहे. गावातले ठेकेदार म्हणतात, आरसीसीचे कॉलम-बीम घ्या, मधे सिमेंटचे ब्लॉक, वर स्लॅब, वीस वर्षं बघायला नको. चुलतभाऊ लाकडी सांगाड्याच्या बाजूचा. लाकडी खांब, तुळया, दोन्ही अंगांनी सिमेंट बोर्ड मारलेल्या पोकळ भिंती आणि वर कौलं. त्याच्या मते घर हलकं होतं, काम झटपट उरकतं आणि पावसाच्या आत राहायला जाता येतं. वादळ डोळ्यांनी बघितल्यापासून बाबांना स्लॅबशिवाय काही नको. आई म्हणते, स्लॅबखाली दुपारी जीव घाबरा होतो, मला कौलंच हवीत.

जागेत साग आणि आइन आहेत, एक जुना फणस आहे. चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, पंचक्रोशीत मिळतो. विहिरीला पाणी बरं आहे, पण मे महिन्यात मचूळ होतं. खाडी जागेतून दिसते. किनाऱ्यालगत ज्यांनी घर बांधलंय किंवा बांधून दिलंय, त्यांनी कृपया लिहा.

चिरेखाण

मी रत्नागिरी जिल्ह्यातच बांधकामं करतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ब्लॉक विरुद्ध लाकूड अशी तुलना केलीत तर उत्तर चुकेल. ब्लॉकच्या भिंतीला खारी हवा फारसं काही करत नाही, कारण तिच्यात लोखंड नसतं. खारी हवा खाते ती कॉलम, बीम आणि स्लॅबमधली सळई. मीठ काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत गेलं की तिच्यावरचा संरक्षक थर तुटतो. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. आधी स्लॅबच्या पोटाला तपकिरी डाग, मग सळईच्या रेषेत लांबच लांब चीर, मग पोपडा. किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात बाल्कनीच्या कडा आणि संडास-बाथरूमचे स्लॅब खालून बघा. 'वीस वर्षं बघायला नको' हे वाक्य घाटावर चालेल, इथे नाही.

आता उपाय. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्याच्या हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटचा वर्ग 'तीव्र' धरला आहे. त्याला किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट, सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर (म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ सांगितलंय. गावात काय चालतं ते तुम्ही पाहिलंच असेल. घमेल्याने माप, मिक्सरमध्ये पाइप धरून पाणी, आणि सळईखाली कव्हर म्हणून हाताला लागेल तो खडीचा तुकडा. असं काँक्रीट ओतायला सोपं जातं म्हणून माणसं खूश असतात, पण ते वाळलं की स्पंजासारखं सच्छिद्र राहतं.

तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं हा बारीक मुद्दा नाही. आरसीसीत मिसळायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. तपासणी ज्या महिन्यात काँक्रीट ओतणार त्या महिन्यात करा. पावसाळा संपताना घेतलेला नमुना पास होईल आणि स्लॅब मात्र मेच्या पाण्यात ओतला जाईल. क्युरिंगलाही, म्हणजे ओतल्यावर काँक्रीट ओलं ठेवायलाही, तेच पाणी वापरणार ना? वाळूचंही तसंच. खाडीची वाळू मिठाची असते. नदीची किंवा क्रश सँड घ्या, आणि कोणी 'धुऊन देतो' म्हणाला तर कुठल्या पाण्याने धुणार ते विचारा.

ब्लॉक घ्यायचेच झाले तर ते किती दिवसांचे आहेत ते बघा. निदान १४ दिवस पाणी मारलेले आणि त्यानंतर चार आठवडे सुकवलेले हवेत. ओला ब्लॉक भिंतीत जाऊन आकसतो आणि गिलाव्याला जिन्याच्या आकाराच्या चिरा पडतात. घाईच्या हंगामात कारखान्यातून ब्लॉक गरम गरम उचलले जातात.

भूकंप विसरू नका. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा धक्का कोकणातल्या जुन्या माणसांच्या चांगला लक्षात आहे. भिंत कशाचीही असो, जोत्यावर, दार-खिडक्यांच्या वर लिंटेलला आणि छपराखाली घराला सलग फिरणारा आरसीसी पट्टा द्या, कोपऱ्यांत उभ्या सळया द्या.

आइनवासा

घरात पिढ्यान्‌पिढ्या सुतारकी. लाकडाला लोक वाळवीच्या भीतीने नावं ठेवतात, पण लाकूड कुठे सडतं ते ठरलेलं आहे. जिथे ते मातीतली किंवा भिंतीतली ओल पितं तिथे.

जुन्या घरांत खांब जमिनीत पुरत नसत, तळखड्यावर उभा करत. खांबाच्या बुडाला कूस, तळखड्यात तिच्या मापाचं भोक. दगड जमिनीच्या वर असल्यामुळे ओल बुडापर्यंत चढत नाही, आणि वाळवी चढलीच तर दगडावरून तिची मातीची नळी उघड दिसते. झाडू फिरवताना घरातली बाई ती पुसून काढते. आता लोक खांब काँक्रीटमध्ये गाडतात, म्हणजे बुडाशी पाणी साठायला भांडंच करून देतात.

दुसरी जागा वाशाची आणि तुळईची भिंतीत गेलेली टोकं. टोकातून लाकूड पाणी ओढतं. टोकाभोवती हवा खेळायला बोटभर जागा सोडायची, तिथे सिमेंट थापायचं नाही. आमच्याकडे टोकांना आणि पाठीला काजूबीच्या टरफलाचं तेल देतात. होड्यांनाही तेच. हात भाजतो, तेवढं जपून.

सागाचा गाभा चांगला, पण त्याच्याभोवतीचं फिकं लाकूड वाळवी सागाचं म्हणून सोडत नाही. लहान वयाचा साग कापलात तर निम्मं लाकूड फिकंच निघेल. तुळईला, वाशाला आइन मजबूत, पण वाळताना उलतो आणि पीळ खातो. फणस दारं-खिडक्यांना आणि खांबाला उत्तम. आंब्याचं लाकूड छपराला घालू नका, कोणी कितीही स्वस्त दिलं तरी. आणि यंदा तोडून यंदाच बसवायचं, हे तर नकोच. चिरून, मधे चिपा घालून, सावलीत थप्पी लावा आणि एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्या.

तुमच्या चुलतभावाच्या पोकळ भिंतीला माझा विरोध आहे. बोर्डाच्या मागे वाळवी लागली तर कळणार कधी? आत उंदीर, मुंग्या, ओल. कोकणात लाकूड डोळ्यांसमोर असावं.

दक्षिणतारा

मी न्यूझीलंडमध्ये राहते. इथली बहुतेक घरं हलक्या लाकडी सांगाड्याचीच आहेत आणि पाऊसवारा इथेही भरपूर, त्यामुळे पोकळ भिंत म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही. पण वरच्या प्रतिसादातल्या काळजीचा पुरावा मात्र याच देशात आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी इथे प्रक्रिया न केलेल्या पाइनचे सांगाडे वापरायला मुभा मिळाली. त्याच काळात वळचण नसलेली, बाहेरून सपाट गिलाव्यासारखं आवरण चढवलेली घरं फॅशनमध्ये आली. पाणी आवरणाच्या मागे गेलं, बाहेर पडायला वाट नव्हती, आणि हजारो घरांचे सांगाडे भिंतीच्या आतच कुजले. 'गळक्या घरांचं संकट' म्हणून ते प्रकरण इथे सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर नियम बदलले. आता सांगाड्याचं लाकूड दाबाखाली रसायन मुरवलेलं लागतं, आणि जिथे पाणी शिरायचा धोका जास्त तिथे आवरण आणि सांगाडा यांच्यामध्ये पाणी खाली वाहून जाईल अशी मोकळी फट ठेवतात. चुलतभावाला हे तीन प्रश्न विचारा: लाकडावर प्रक्रिया कोणती, मागे फट आहे का, आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून शिरलेलं पाणी बाहेर कुठून येणार? उत्तरं नीट मिळाली तर पुढे जा. बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया आतल्या कोरड्या लाकडाला ठीक, पावसात ती धुपून जाते, हेही लक्षात ठेवा.

पागोळी

श्रीवर्धन तालुक्यातून लिहितेय. ३ जून २०२० ला वादळ आमच्यावरूनच आत शिरलं. तुमच्या बाबांना स्लॅब का हवाय ते मला पूर्ण समजतं. कृपा करून त्यांना आकडे दाखवून गप्प करू नका.

आमचं घर चिऱ्याच्या भिंतींचं, कौलारू. वारा वरून कौलं उडवेल असं वाटत होतं. तो आला खालून. पडवीत शिरला, पडवीचं छप्पर उचललं, आणि पडवीचे वासे मुख्य घराच्या वाशांना जोडलेले असल्यामुळे त्याने वरच्या दोन ओळी सोबत ओढून नेल्या. भिंतीला एक तडा गेला नाही. शेजारच्या वाडीत पत्र्याची छपरं अख्खीच्या अख्खी बागेत जाऊन पडली. आम्ही पाच घरची माणसं एका स्लॅबच्या घरात जाऊन बसलो होतो, म्हातारी माणसं, तान्ही बाळं, सगळी. त्या दिवशी तो स्लॅब गंजका आहे का हे कोणी विचारलं नाही.

नंतरचे दिवस आणखी अवघड गेले. वीज नाही, कौलं मिळेनात, ताडपत्री मिळेना, आणि पाऊस डोक्यावर. ज्यांच्या छपराचा सांगाडा टिकला होता त्यांनी आहेत ती कौलं जमवून निदान एक खोली झाकली. म्हणून माझं मत असं: घर कौलारू करा, पण आतली एक खोली स्लॅबची असू द्या. आम्ही दुरुस्ती करताना कोठीची खोली आणि न्हाणीघर यांच्यावर स्लॅब टाकला. पाण्याची टाकी वर बसली, कागदपत्रं, धान्य, औषधं खाली. तौक्ते आलं तेव्हा, मे २०२१ मध्ये, सासूबाईंना सरळ तिथे नेऊन बसवलं.

वेंगुर्ल्याचो

माका एक कळना नाय, चिरो दाराशी मिळता तर ब्लॉक कित्याक? आता सगळ्यांना समजेल असं लिहितो.

आमच्या सिंधुदुर्गात चिऱ्याची भिंत ही पहिली निवड. खाणीतून काढल्यावर हवेत जांभा आणखी घट्ट होतो. नऊ इंची भिंत दुपारचं ऊन लवकर आत घेत नाही. पण चिरा पारखून घ्या. एकावर एक आपटला की खणखणीत वाजला पाहिजे. फोडल्यावर आत पिवळट-पांढऱ्या मातकट जागा जास्त दिसल्या तर तो गाडीतून उतरवूच नका, अशा जागा पावसात धुऊन जातात आणि भिंतीला भोकं पडतात. खाणीत खाली खाली जाल तसा दगड मऊ लागतो, म्हणून गाडी कुठल्या थरातली हेही विचारा.

जांभा पाणी पितो हे खरं. त्यावर इलाज म्हणजे जोत्यावर ओलप्रतिबंधक थर आणि भिंतीच्या बाहेर निदान अडीच-तीन फूट वळचण. पश्चिमेच्या भिंतीला आम्ही अजून पावसाळ्यात झावळ्यांची झड बांधतो. बाहेरून फक्त सांधे (दर्जा) भरून चिरा उघडा ठेवलात तर भिंत भिजते तशी वाळते. रंग फासून बंद केलात तर आतली ओल आतच राहते.

आणि कौलं घालणाऱ्यांनी वानरं-केलडी धरून चाला. आमच्याकडे लोकांनी पत्रे घातले ते वादळापेक्षा माकडांपायी. कौलांखाली फळ्या किंवा बारीक जाळी असली की कौल फुटलं तरी घरात धार लागत नाही.

खाडीपलीकडे

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं तपशिलात कोणी सांगितलं नव्हतं. पागोळीताई, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. एका खोलीवर स्लॅब हे त्यांना एकदम पटलं, आणि आईचीही ना नाही.

म्हणजे आता चिऱ्याच्या भिंती, लाकडी छप्पर, एक स्लॅबची खोली असं डोळ्यांसमोर येतंय. पण प्रश्न आहेत. जुनं जोतं वापरता येईल का? आमच्याच झाडांचं लाकूड काढायला परवानगी लागते का? आणि छप्पर धरून ठेवायचं कसं? गृहकर्ज काढायचं आहे, तिथे लाकडी म्हटल्यावर खळखळ होते का?

ओटीपडवी

मी वास्तुविशारद आहे, कोकणातली बरीच कामं केली आहेत. एकेक घेते.

सगळ्यात आधी भरतीरेषा. खाडी दिसते म्हणालात, म्हणून सांगते. सीआरझेडच्या (किनारी भागातल्या बांधकामाच्या नियमांच्या) २०१९ च्या अधिसूचनेत खाडीकाठाला भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते अंतर धरलंय. समुद्राच्या बाजूला विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात ना-विकास क्षेत्र २०० मीटरपर्यंत जातं. जुन्या अधिकृत घराच्या जोत्यावर पुन्हा बांधणं आणि जागा सरकवून नवं बांधणं यांचे नियम वेगळे पडतात. म्हणून जुन्या घराची ग्रामपंचायतीतली नोंद, घरपट्टीच्या पावत्या, पडक्या घराचे फोटो हे सगळं भिंती उतरवायच्या आधी जमवा.

झाडं स्वतःच्या सातबाऱ्यातली असली तरी परवानगी लागते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत साग, आइन, किंजळ, फणस, आंबा ही सगळी आहेत. गिरणीवर लाकूड न्यायला वाहतूक परवाना वेगळा. यात वेळ जातो, आणि लाकूड वाळायलाही वेळ लागतो, म्हणजे हा अर्ज सगळ्यात आधी टाकायचा.

कर्जाचं बँकेनुसार बदलतं, आराखडा काढण्याआधी शाखेत विचारा. भिंती चिऱ्याच्या आणि पट्टे आरसीसीचे असले की पूर्ण लाकडी सांगाड्यापेक्षा काम सोपं जातं.

छपराबद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचंय, कारण घरं तिथूनच जातात. छपराखालच्या आरसीसी पट्ट्यात काँक्रीट ओतण्याआधीच बोल्ट उभे करून ठेवायचे. त्यांच्यावर लाकडाची आडवी पाटी घट्ट करायची आणि प्रत्येक वासा त्या पाटीला लोखंडी पट्टीने बांधायचा. नुसता खिळा वाऱ्याच्या ओढीला उपसून येतो. पट्ट्या आणि बोल्ट जस्त चढवलेले, जमलं तर स्टेनलेस ३१६ चे. साधं लोखंड त्या हवेत टिकत नाही. पडवीचं छप्पर मुख्य छपराच्या खाली, वेगळ्या पाटीवर बसवा. पागोळीताईंनी लिहिलं तसं झालं तर पडवी जाईल, घर राहील. वळचणीच्या पहिल्या दोन ओळी आणि आढ्यावरची कौलं तांब्याच्या तारेने बांधून घ्या. चौपाखी छप्पर दुपाखीपेक्षा वाऱ्याला बरं. त्यात वाऱ्यासमोर उभी राहणारी त्रिकोणी भिंतच नसते.

वाळवीची फवारणी पाया भरतानाच करतात, आयएस ६३१३ मध्ये पद्धत दिली आहे. पण तुमची विहीर घरालगत असेल तर आधी अंतर मोजा. ते औषध झिरपून पिण्याच्या पाण्यात जाता कामा नये. विहिरीकडच्या बाजूला तळखडे उंच ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर भिंतीच्या बुडाशी डोळ्यांनी तपासा, रसायन नको.

चिरेखाण

ओटीपडवी यांनी छपराबद्दल लिहिलंय ते छापून ठेकेदाराच्या हातात द्या, खरंच.

जोत्याबद्दल: वरून शाबूत दिसतं म्हणून त्यावर चढू नका. चारही कोपऱ्यांना बाहेरून खड्डा घेऊन पाया कुठे टेकलाय ते बघा. कातळावर किंवा घट्ट मुरमावर असेल तर वर पट्टा ओतून चिऱ्याची भिंत घेता येईल. जागा खाडीकडे उतरती आहे, त्यामुळे खालच्या अंगाला मऊ माती लागण्याची शक्यता धरतो. तसं असेल तर जुने चिरे काढून नवा पाया भरा आणि तेच चिरे जोत्याला वापरा, ते पक्के मुरलेले आहेत. स्लॅबची खोली वरच्या, डोंगराकडच्या अंगाला घ्या. वजन तिकडे बरं, आणि समुद्राचा वाराही तिला थेट लागणार नाही.

त्या खोलीच्या काँक्रीटला हयगय नको. स्लॅग सिमेंट, कव्हर ब्लॉक सिमेंटचेच करून घेतलेले, पाणी मोजून, आणि टँकरचं गोडं पाणी. काम लहान आहे, एका दिवसात ओतून होईल, त्यामुळे गोड्या पाण्याचा खर्च फार नाही. क्युरिंगसाठी मात्र टँकर पुन्हा पुन्हा लागेल, तो हिशेब धरा. ४५ मिलिमीटर कव्हर धरल्यावर स्लॅबची जाडी वाढते, ते आधीच आराखड्यात यायला हवं. गवंड्याला ऐन वेळी सांगून उपयोग नाही.

आइनवासा

फणस कापायच्या आधी एकदा कोणा जाणत्या सुताराला झाडापाशी न्या. जुन्या फणसाला बुडाशी पोकळी असते, बाहेरून कळत नाही. कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून बघतात. भरीव निघाला तर ओटीचे खांब त्यातच होतील, साग छपराला पुरेल.

खाडीपलीकडे

सातबारा आणि घरपट्टीच्या पावत्या काढायला बाबा सोमवारी जाताहेत, तोडीचा अर्जही त्याच फेरीत. कोपऱ्यांचे खड्डे दिवाळीनंतर घेऊ. चुलतभावाला दक्षिणतारा यांचे तीन प्रश्न पाठवले होते. त्याचं उत्तर आलं की पडवीच्या आडोशाला बोर्ड लावायचं म्हणतोय, घराच्या भिंती चिऱ्याच्याच. खड्ड्यांचे फोटो इथेच टाकतो, चिरेखाण, तेवढे बघून सांगा.